समर अब्रॉडला निघालेल्या मराठी लॉ स्टुडंट्सना आणि त्यांच्या आई-बाबांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

समर अब्रॉड म्हणजे अमेरिकन लॉ स्कूल उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशात घेतं ते कोर्स, ज्यांचे क्रेडिट डिग्रीत धरले जातात. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की मला ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच. ताई, मुलीला इटलीच्या समर प्रोग्रॅमला अॅडमिशन मिळालीये, चार क्रेडिट आहेत, युरोपही बघून होईल, पाठवू ना? किंवा मुलगाच लिहितो की ताई, लंडनचा घेऊ का माद्रिदचा, डिपॉझिटची शेवटची तारीख शुक्रवारी आहे. मी उलट एकच विचारते, प्रोग्रॅमची अॅकॅडमिक पॉलिसी वाचलीस का? उत्तर बहुतेक वेळा येतं की हो ताई, ब्रोशर वाचलं. ब्रोशर वेगळं आणि पॉलिसी वेगळी. ब्रोशरमध्ये चर्चचे घुमट असतात आणि पॉलिसीमध्ये तुमची ग्रेड असते. आता एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकते, लांबलंय पण डिपॉझिट भरायच्या आधी वाचा.

मी स्वतः २०१९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे माझं लॉ स्कूलचं पहिलं वर्ष संपल्यावर, इटलीला गेले होते. माझ्या लॉ स्कूलचा स्वतःचा समर प्रोग्रॅम नव्हता म्हणून दुसऱ्या एका लॉ स्कूलच्या प्रोग्रॅमला व्हिजिटिंग स्टुडंट म्हणून नाव घातलं. चार आठवडे, दोन विषय, दोन-दोन क्रेडिटचे, सोमवार ते गुरुवार क्लास. तेव्हा माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि एफ-वन, म्हणजे अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा होता, त्यामुळे इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागणार होता, आणि इथूनच माझी गाडी रुळावरून घसरायला सुरुवात झाली. कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळाली तीच मुळात निघायच्या तीन आठवडे आधीची. पासपोर्ट हातात आला शुक्रवारी संध्याकाळी, क्लास सुरू होणार होते सोमवारी सकाळी. रविवारी विमान पकडलं, सोमवारी दुपारी पोचले, पहिला दिवस गेला. मी मेल करून कळवलं होतं, समोरून छान गोड उत्तरही आलं होतं की काही हरकत नाही, सुखरूप या. मला वाटलं झालं काम. पुढे तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच-सहा जण वीकेंडला नेपल्सला गेलो, रविवारी रेल्वेचा संप, आमची परतीची गाडी रद्द, सोमवारी दुपारी परत आलो. दुसरा दिवस गेला.

पॉलिसीत लिहिलं होतं की प्रत्येक कोर्समध्ये एक गैरहजेरी माफ, दुसरीपासून ग्रेड एक पायरी खाली. उशिरा पोचणं हे कारण कुठलंही असो, गैरहजेरीत धरलं जाईल. हे मी ऑनलाइन फॉर्ममध्ये टिक केलं होतं, वाचलं नव्हतं. एका विषयात माझा बी होता तो बी-मायनस झाला, ते चाललं. दुसऱ्यात सी होता, कारण तो विषय मला खरंच जड गेला होता, त्याचा सी-मायनस झाला. आणि माझ्या स्वतःच्या लॉ स्कूलचा नियम होता की बाहेरच्या शाळेतलं क्रेडिट सी किंवा त्याच्या वर असेल तरच घेऊ. म्हणजे चारातले दोन क्रेडिट गेले. फी भरली, विमान भरलं, पेपर दिला, पास झाले, आणि माझ्या ट्रान्सक्रिप्टवर त्या विषयाचा मागमूस नाही. शेवटच्या सेमिस्टरला दोन क्रेडिट कमी पडले ते जादा फी भरून घ्यावे लागले, तीन हजार डॉलरच्या वर गेले त्यात.

प्राध्यापकांना भेटले, डीनच्या ऑफिसला पत्र लिहिलं. प्राध्यापकांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. ज्या माणसाने मेलवर काही हरकत नाही असं लिहिलं होतं तो प्रोग्रॅमच्या लॉजिस्टिक्सचा माणूस होता, गैरहजेरी माफ करायचा अधिकार त्याला नव्हता. हे मला तेव्हा कळलं. अधिकार असलेल्या माणसाकडून लेखी घ्यायचं असतं, आणि तो माणूस कोण हेही त्याच पॉलिसीत लिहिलेलं होतं, ओळ मोठी होती, मी वाचली असती तर दिसली असती.

आता आपल्याकडे याची कल्पना का नसते ते सांगते. माझे बाबा फोनवर सगळ्यांना सांगायचे की लेक उन्हाळी शिबिराला इटलीला गेलीये. शिबिर म्हटलं की डोळ्यासमोर येतं थोडं भाषण, थोडं फिरणं, शेवटी सर्टिफिकेट. हे तसलं काही नाहीये. अमेरिकन लॉ स्कूल जेडी, म्हणजे तिथल्या वकिलीच्या मुख्य डिग्रीसाठी जे क्रेडिट देतं त्याला लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनचे, सगळे एबीए म्हणतात त्यांचे, नियम लागू असतात, मग तो क्लास शिकागोत होवो नाहीतर फ्लॉरेन्समध्ये. परदेशातल्या समर प्रोग्रॅमसाठी एबीएचे वेगळे निकषही आहेत. आणि एका क्रेडिटचा हिशेब ठरलेला आहे, पंधरा आठवडे, आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास वर्गाबाहेर अभ्यास, वर्गाचा तास पन्नास मिनिटांचा धरला तरी चालतो. गुणाकार केला की एका क्रेडिटला साडेबेचाळीस तास होतात. प्रोग्रॅम चार आठवड्यांचा आहे म्हणून हे तास कमी होत नाहीत, तेवढेच तास कमी दिवसांत कोंबायचे असतात.

माझंच गणित मांडते. चार क्रेडिट म्हणजे वर्गात ३००० मिनिटं, पन्नास तास. माझ्याकडे क्लासचे दिवस होते सोळा. म्हणजे रोज वर्गात तीन तासांच्या वर. वर्गाबाहेरचा अभ्यास १२० तास, अठ्ठावीस दिवसांत, म्हणजे शनिवार-रविवार धरून रोज सव्वाचार तास. सगळी बेरीज १७० तास, आठवड्याला साडेबेचाळीस. ही पूर्ण वेळ नोकरी झाली, युरोप बघायचा तो या नोकरीतून उरलेल्या वेळात. आणि अजून एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सेमिस्टरमध्ये जो कोर्स पंधरा आठवडे चालतो तो इथे सोळा दिवसांत संपतो, म्हणजे इथला एक दिवस बुडाला तर तिथल्या सेमिस्टरमधला जवळजवळ एक आठवडा बुडाल्यासारखं आहे. म्हणूनच हजेरीचे नियम एवढे कडक असतात. मला तेव्हा तो नियम दुष्टपणा वाटला होता, आता वाटत नाही, कारण सोळातले दोन दिवस गेलेल्या मुलीचं त्या विषयात काय झालं ते मी स्वतः पेपर लिहिताना अनुभवलंय. तुमच्या प्रोग्रॅममध्ये तीन गैरहजेऱ्या चालत असतील, एक चालत असेल, एकही चालत नसेल. माहीत करून घ्या. आणि उशिरा येणं कसं मोजतात, दोन वेळा दहा मिनिटं उशीर म्हणजे एक गैरहजेरी असलंही काही असतं, तेही बघा.

क्रेडिट ट्रान्सफरचं आता नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच फसतात. जर प्रोग्रॅम तुमच्या स्वतःच्या लॉ स्कूलचा असेल तर ग्रेड बहुतेक वेळा सरळ तुमच्या जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत जाते, चांगली असो वाईट असो, रँकवर परिणाम होतो. प्रोग्रॅम दुसऱ्या लॉ स्कूलचा असेल तर सहसा फक्त क्रेडिट येतं, ग्रेड येत नाही, जीपीए हलत नाही. काहींना हे बरं वाटतं, काहींचा यात तोटा होतो, तुमचं काय आहे ते तुम्ही ठरवा. पण क्रेडिट घ्यायचं की नाही हे ठरवतं तुमचं स्वतःचं लॉ स्कूल म्हणजे होम स्कूल, प्रोग्रॅम चालवणारं होस्ट स्कूल नाही. प्रत्येक प्रोग्रॅमच्या माहितीत हे वाक्य असतंच की क्रेडिट किंवा ग्रेड स्वीकारणं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॉ स्कूलवर अवलंबून आहे. ते तिथे उगाच छापलेलं नसतं, एबीएने सांगितलंय म्हणून असतं. तर मग जायच्या आधी, डिपॉझिटच्याही आधी, तुमच्या रजिस्ट्रारकडून कोर्सच्या नावासकट लेखी मंजुरी घ्या. कमीत कमी ग्रेड किती लागेल ते विचारा. तो विषय तुम्ही आधी घेतलेल्या किंवा पुढे घ्यायच्या कोर्ससारखाच आहे असं म्हणून नाकारतील का ते विचारा, कारण कम्पॅरेटिव्ह लॉ किंवा इंटरनॅशनल बिझनेस ट्रान्झॅक्शन्ससारखे विषय नाव बदलून दोन्हीकडे असतात आणि एकाच विषयाचे दोनदा क्रेडिट मिळत नाहीत. ग्रेडऐवजी नुसतं पास-फेल घेता येतं का, घेतलं तर होम स्कूल मानेल का, हेही. तुमचं लेटर ऑफ गुड स्टँडिंग, म्हणजे तुमचं शाळेत सगळं ठीक आहे असं होम स्कूलचं पत्र, वेळेवर गेलं का बघा, पहिल्या वर्षाच्या ग्रेड यायला मे संपतो आणि त्यात कुणी कमी ग्रेडमुळे अॅकॅडमिक प्रोबेशनवर गेलं तर अॅडमिशन मिळालेली असूनही जाता येत नाही, असं माझ्या ओळखीत झालंय.

लवकर ग्रॅज्युएट होता येईल या आशेवर बऱ्याच घरांमध्ये पैशाचं गणित मांडलेलं असतं. एक सेमिस्टर वाचलं तर पन्नास हजार वाचतील वगैरे. मंडळी, त्यासाठी हा प्रोग्रॅम घेऊ नका. प्रोग्रॅमच्या माहितीतच बहुधा हेही लिहिलेलं सापडेल की या क्रेडिटवर लवकर ग्रॅज्युएट होणं शक्य होईल असं धरून चालू नका. जेडीला कमीत कमी ८३ क्रेडिट लागतात, त्यातले निदान ६४ वर्गात बसून किंवा प्राध्यापकांच्या थेट शिकवणीतून घेतलेले लागतात, डिग्री पूर्ण व्हायला कमीत कमी चोवीस महिने लागलेच पाहिजेत, आणि या सगळ्यावर प्रत्येक लॉ स्कूलचे आपले स्वतःचे रेसिडेन्सीचे नियम असतात, पूर्णवेळ किती सेमिस्टर हजर राहायचं, बाहेरचे किती क्रेडिट जास्तीत जास्त घेणार. चार-सहा समर क्रेडिटने तुमचा एखादा सेमिस्टर हलका होऊ शकतो, लॉ जर्नलच्या कामासाठी किंवा लीगल क्लिनिकसाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली खऱ्या केसेसवर काम करण्यासाठी, जागा मिळू शकते, हा खरा फायदा आहे आणि तो छोटा नाही. पण एक सेमिस्टर वाचेल असं धरून घराचं बजेट करू नका, आणि केलंच तर आधी रजिस्ट्रारसमोर बसून तारखेसकट लिहून घ्या.

परीक्षेचं सांगायचं तर सोपं आहे, तारीख बदलत नाही. बहुतेक ठिकाणी पेपर शेवटच्या एक-दोन दिवसांत असतो, लवकर द्यायची सोय नसते, कुणाच्या लग्नासाठी नाही, स्वस्त तिकिटासाठी तर नाहीच. माझे आई-बाबा शेवटच्या आठवड्यात टूरबरोबर आले होते, त्यांना वाटलं लेकीबरोबर दोन दिवस फिरू. मी त्यांना एक संध्याकाळ भेटले. आई भडंग आणि मेतकूट घेऊन आली होती, नदीच्या कठड्यावर बसून आम्ही ते खाल्लं, आणि साडेआठला मी उठले कारण दुसऱ्या दिवशी पेपर होता. आईला ते लागलं. आज सुद्धा मला त्या संध्याकाळची आठवण आली की पोटात तुटतं. आई-बाबांनो, यायचंच असेल तर पेपर झाल्यावरच्या आठवड्याचं बुकिंग करा.

छोट्या वर्गात कर्व्ह असतो हे पण लक्षात घ्या. वीस मुलांच्या वर्गात सगळे साधारण सारखेच हुशार असतात आणि तरी सरासरी ठरलेल्या जागी आणायची असते. समर म्हणजे सोप्या ग्रेड असं सिनियर सांगतात, त्यांच्या वर्षी तसं असेलही, तुमच्या वर्षीचा नियम लेखी बघा. आणि ऑनर कोड, म्हणजे लॉ स्कूलचे प्रामाणिकपणाचे आणि वागणुकीचे नियम, समुद्रापलीकडेही तसाच लागू असतो. ओपन बुक म्हणजे ओपन लॅपटॉप नाही, एआय टूल चालतं की नाही हे आता प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसमध्ये वेगळं असतं, आणि हॉस्टेलमध्ये दारू पिऊन केलेला गोंधळ सुद्धा अमेरिकेतल्या रेकॉर्डवर येतो जे पुढे वकिलीचा परवाना घेताना बारच्या कॅरेक्टर अँड फिटनेसच्या, म्हणजे चारित्र्य तपासणीच्या, फॉर्ममध्ये तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहावं लागतं.

भारतीय पासपोर्टवाल्या मुलांसाठी आता वेगळं लिहिते, कारण पॉलिसी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर अमेरिकन पासपोर्टवाला मुलगा असतो, त्याला तीन महिन्यांपर्यंत इटलीला व्हिसा लागतच नाही. आपल्याला लागतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतात. फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो झालीये. ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स दाखवावा लागतो. तुम्ही ज्या राज्यात राहता तिथली ज्या कॉन्सुलेटकडे हद्द आहे तिथेच जायचं, न्यूयॉर्कला अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून दुसऱ्या शहरात जाता येत नाही. म्हणून प्रोग्रॅमकडून अॅडमिशनचं पत्र आणि राहण्याचा पुरावा फेब्रुवारीतच मागून घ्या, ते लोक एप्रिलमध्ये पाठवतो म्हणतात, तुम्ही ऐकू नका, मला व्हिसा लागतो असं स्पष्ट लिहा, मिळतं.

परत येण्याचं त्याहून महत्त्वाचं. आय-ट्वेंटीवर, म्हणजे एफ-वनसाठी शाळेने दिलेल्या फॉर्मवर, शाळेची ट्रॅव्हल सिग्नेचर गेल्या बारा महिन्यांतली हवी. आणि पासपोर्टमधला एफ-वनचा स्टॅम्प चालू हवा. काही जण आधी इथे मास्टर्स करून मग लॉला येतात, त्यांचा पाच वर्षांचा स्टॅम्प मध्येच संपलेला असतो, अमेरिकेत बसलेलं असताना त्याने काही बिघडत नाही पण युरोपला गेलात की नवीन स्टॅम्प घेतल्याशिवाय परत येता येत नाही. पूर्वी लोक लंडनमध्ये वगैरे ट्राय करायचे. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने सांगितलंय की नॉन-इमिग्रंट व्हिसाची मुलाखत आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच द्यायची, म्हणजे तुमच्यासाठी रोममधून सरळ मुंबई, बीकेसीतलं अमेरिकन कॉन्सुलेट, आणि तिथली अपॉइंटमेंट ऑगस्टमध्ये क्लास सुरू व्हायच्या आधी मिळेल का ते आधी बघा. स्टॅम्प संपलेला असेल तर मी म्हणेन या उन्हाळ्यात जाऊ नका, पुढच्या वर्षी आधी भारतात जाऊन स्टॅम्प करा.

आणि इथे मला लॉ स्कूलच्या कमिट्यांवर बसलेल्या आपल्या मराठी प्राध्यापकांना आणि माजी विद्यार्थ्यांना सांगायचंय, तुमच्यातले काही हे पत्र वाचत असणार. हजेरीचा नियम कडक ठेवा, पण व्हिसाच्या उशिराला ठरावीक पुरावा दाखवला तर माफ करायचं कलम त्यात घाला. अपॉइंटमेंटची तारीख, अर्जाची पावती, पासपोर्ट परत आल्याचा कागद, एवढं दाखवलं की पहिल्या दिवसाचा क्लास रेकॉर्डिंग बघून आणि लेखी काम देऊन भरून काढता येईल असं करता येतं, थोडक्यात तास पूर्ण झाले पाहिजेत, कसे ते ठरवता येईल. वर्गातल्या ज्या मुलाला व्हिसाशिवाय नुसत्या पासपोर्टवर विमानतळावरून आत जाता येतं आणि ज्या मुलीला दोन महिने कॉन्सुलेटच्या वेबसाइटवर रात्री बारा वाजता अपॉइंटमेंट शोधावी लागते, त्या दोघांना एकाच पट्टीने मोजणं हा अन्याय आहे. हे मी स्वतःचं झालं म्हणून म्हणत नाहीये, माझ्या संपाच्या सोमवारची माफी मी मागत नाही, तो दिवस माझ्या चुकीने गेला, इटलीत संपाच्या तारखा आधीच जाहीर असतात आणि मी बघितल्या नाहीत. पण पहिला सोमवार माझा नव्हता.

पैशाचं थोडक्यात. अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्या मुलांना समरला फेडरल लोन, म्हणजे अमेरिकन सरकारचं कर्ज, मिळू शकतं, पण त्यासाठी निदान अर्धवेळ इतके क्रेडिट लागतात, आणि दुसऱ्या शाळेच्या प्रोग्रॅमला जात असाल तर दोन शाळांमध्ये कन्सोर्शियम अॅग्रीमेंट, म्हणजे हे कर्ज कुठल्या शाळेमार्फत द्यायचं याचा करार, व्हावं लागतं, ते आपोआप होत नाही, फायनान्शियल एडच्या ऑफिसमध्ये तुम्हालाच पाठपुरावा करावा लागतो. १ जुलै २०२६ पासून नवीन कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस नावाचं फेडरल कर्ज बंद, लॉसारख्या प्रोफेशनल डिग्रीला फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. म्हणजे समरला घेतलेलं प्रत्येक हजार पुढच्या ट्युशनमधून कमी होणार हे आई-बाबांनी आणि मुलांनी एकत्र बसून कागदावर मांडलंच पाहिजे. एफ-वनवाल्यांना फेडरल लोन नसतंच, भारतातल्या बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर दुसऱ्या शाळेच्या समर प्रोग्रॅमची फी त्यात बसते का ते बँकेला आधी विचारा, सँक्शन लेटरवर एकाच शाळेचं नाव असतं. रिफंडची तारीख बघा. प्रोग्रॅमच रद्द झाला तर भरलेली फी परत मिळते, आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने, म्हणजे स्टेट डिपार्टमेंटने, त्या देशासाठी गंभीर इशारा दिला तर तुम्हाला कळवून माघार घ्यायची संधी द्यावी लागते. विमानाचं तिकीट मात्र कोणी परत देत नाही, ते बदलता येईल असंच काढा.

नोकरीचंही बोलते, कारण पहिल्या वर्षानंतरचा उन्हाळा हाच मोठ्या फर्मांच्या भरतीचा काळ आहे. आमच्या वेळी मुलाखती ऑगस्टमध्ये व्हायच्या, आता मे-जूनपासूनच सुरू होतात. तुम्ही इटलीत, न्यूयॉर्क सहा तास मागे, म्हणजे त्यांची दुपारी तीनची मुलाखत तुमची रात्री नऊला, खोलीवर तीन रूममेट आणि वायफाय बेभरवशाचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास चुकवला तर वर सांगितलेली गैरहजेरी. मुलाखतीसाठी गैरहजेरी माफ होते का हा प्रश्नही लेखी विचारा. ज्यांना जजकडे किंवा लीगल एडकडे इंटर्नशिप मिळालीये त्यांनी ती सोडून समर अब्रॉड घ्यावा असं मला वाटत नाही. काही प्रोग्रॅम जूनमध्ये संपतात आणि उरलेल्या उन्हाळ्यात सहा-सात आठवडे काम करता येतं, शक्य असेल तर तसला बघा.

कुणाला अपंगत्वामुळे किंवा एडीएचडी, डायबेटिस यांसारख्या कारणाने परीक्षेत जादा वेळ किंवा वेगळी सोय मिळत असेल तर ती सोय आपोआप इटलीला जात नाही. होस्ट स्कूलला आधी कळवावं लागतं, कागद द्यावे लागतात. आमचे क्लास होते ती इमारत तीन-चारशे वर्षं जुनी होती, लिफ्ट नाही, दगडी जिने. आमच्यातल्या एका मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, तिने प्रोग्रॅमच्या माहितीतला अॅक्सेसिबिलिटीचा भाग आधीच वाचून मेल केला होता, तिच्यासाठी दोन्ही क्लास तळमजल्यावर हलवले. माझ्याच वर्गात, माझ्याच प्रोग्रॅममध्ये, तिने वाचलं आणि मी नाही वाचलं.

पुण्या-मुंबईहूनही मुलं विचारतात, बीए एलएलबी करताना अमेरिकन किंवा युरोपातला समर कोर्स करू का. जरूर करा, पण तुमच्या युनिव्हर्सिटीकडून त्याचं क्रेडिट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत सत्तर टक्के हजेरी आहे, तुमचं सेमिस्टर आणि पेपर जून-जुलैत कधी पडतात ते आधी कॉलेजला विचारा. इंटरनॅशनल लॉची खरी आवड असेल तर हेगच्या अॅकॅडमी ऑफ इंटरनॅशनल लॉचे उन्हाळी कोर्स बघा, पीस पॅलेसच्या आवारात होतात, १९२३ पासून चालू आहेत, स्कॉलरशिपही असते. तिथे मिळतं ते हजेरीचं सर्टिफिकेट, डिप्लोमाची परीक्षा वेगळी आणि खूप कठीण.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल ताई घाबरवतायत. मी घाबरवत नाहीये. तो महिना माझ्या लॉ स्कूलच्या तीन वर्षांतला सगळ्यात जिवंत महिना होता. एका इटालियन प्राध्यापिकेने सिव्हिल लॉमध्ये, म्हणजे युरोपातल्या लेखी कोडवर चालणाऱ्या कायदापद्धतीत, जज कसा विचार करतो ते शिकवलं, आमच्याकडच्यासारखं जुन्या निकालावरून पुढे जायचं नाही तर कोडच्या कलमापासून सुरुवात करायची, आणि ते मला आजही क्लायंटचे युरोपातले करार वाचताना उपयोगी पडतं. तो नेमका तोच विषय होता ज्याचं क्रेडिट मला मिळालं नाही. शिकले मी तोच, आणि ट्रान्सक्रिप्टवर तोच नाही.

म्हणून ज्यांच्या डिपॉझिटची तारीख या महिन्यात आहे त्यांनी आज दोन मेल टाका. एक तुमच्या रजिस्ट्रारला, कोर्सची नावं, क्रेडिट, तारखा लिहून, मंजुरी आणि कमीत कमी ग्रेड विचारणारा. दुसरा होस्ट प्रोग्रॅमच्या डायरेक्टरला, लॉजिस्टिक्सवाल्याला नाही, हजेरी, उशिरा पोचणं, परीक्षेची तारीख आणि रिफंड यावर. उत्तरं आली की पीडीएफ करून ठेवा, एक कॉपी आई-बाबांकडेही. उत्तर नाही आलं तर पैसे भरू नका. आणि मेल कसा लिहायचा अडलं तर मला मेसेज करा, आपण मिळून लिहू, मी रात्री नऊनंतर मोकळी असते.

तुमची,
न्यू जर्सीची एक ताई